विश्लेषण : गाण्याच्या वर्गात वही कशाला? रियाजाची नोंद, स्वरलिपी आणि मोबाइलवरचे रेकॉर्डिंग यांतून मूल नेमके काय शिकते?

गाणे गळ्यातून गळ्यात जाते, वहीतून नाही, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ते खरेही आहे. मात्र आठवड्यातून दोन दिवस क्लासला जाणाऱ्या मुलाला गुरूचा गळा दोनच तास ऐकू येतो. उरलेल्या दिवसांत त्याच्या हाताशी उरते ती वही आणि घरातला मोबाइल. या दोन्हींचा उपयोग कसा होतो, यावर त्या मुलाचा रियाज टिकतो की सुटतो हे बरेचसे अवलंबून असते.

मूळ अडचण काय आहे?

आठवड्याचे तास १६८. त्यांपैकी दोन तास संगीताचा वर्ग. वर्गात दहा मुले असली, तर एका तासात प्रत्येकाच्या वाट्याला स्वतंत्रपणे येतात जेमतेम सहा मिनिटे. पूर्वीच्या गुरुकुलात शिष्य गुरूच्या घरी राहत असे. पाणी भरताना, तंबोरा जुळवताना, गुरू दुसऱ्याला तालीम देत असतानाही त्याच्या कानावर गाणे पडत असे. चुकीचा सूर लागला की आतल्या खोलीतून हाक येई. आजच्या क्लासमध्ये चूक झाली, ती दुरुस्त झाली आणि मूल घरी गेले की दोन दिवसांनी नेमके काय दुरुस्त केले होते हेच आठवत नाही. मग तीच चूक आठवडाभर घोटली जाते. परीक्षेचे राग पाठ होतात, प्रमाणपत्रे मिळतात, पण एखादा नवा राग स्वतः ऐकून, समजून बसवता येत नाही, ही तक्रार जुनीच आहे. नोंद ठेवण्याचा मुद्दा येतो तो इथे. गुरूची जागा वही घेऊ शकत नाही. पण दोन तालमींच्या मधली पोकळी ती काही अंशी भरू शकते.

आपली परंपरा लिहिण्याच्या विरोधात होती का?

सरसकट तसे म्हणता येत नाही. बंदिशी हे घराण्याचे धन होते आणि ते सहज कोणाला दिले जात नसे, हे खरे. पण लेखनाचा मोठा प्रयत्नही याच परंपरेतून, तोही महाराष्ट्रातल्याच माणसांनी केला. कुरुंदवाडला १८७२ मध्ये जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर हे मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे जुन्या पद्धतीने शिकले. पुढे ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. एका गुरूसमोर अनेक विद्यार्थी, ठरलेला अभ्यासक्रम, छापील पुस्तके आणि परीक्षा हा आजच्या क्लासचा साचा तिथून रुळला. एकाच वेळी अनेकांना शिकवायचे तर सगळ्यांना वाचता येईल अशी स्वरलिपी हवी, म्हणून त्यांनी स्वतःची लिपी तयार केली.

दुसरे नाव पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांचे. व्यवसायाने वकील असलेल्या भातखंडे यांनी देशभर फिरून उस्तादांकडच्या बंदिशी मिळवल्या, त्या स्वरलिपीत बांधल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. त्यांचा ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’ हा चार भागांतला ग्रंथ मूळ मराठीत आहे आणि तो गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. शिष्य शंका विचारतो, गुरू उत्तर देतो, शिष्य पुन्हा अडतो. संगीताविषयी प्रश्न विचारत, लिहीत शिकण्याची वाट मराठीत शंभर वर्षांपूर्वीच पडली होती, असा त्याचा अर्थ.

स्वरलिपीत काय मावते?

भातखंडे पद्धतीत शुद्ध स्वराला खूण नसते. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब आणि तार सप्तकासाठी वर टिंब. तालात समेला फुली, खालीला शून्य आणि इतर टाळ्यांना आकडे. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला अधिकचे चिन्ह. एवढ्या खुणा आल्या की बंदिशीचा सांगाडा कागदावर उतरतो. कोणता शब्द कोणत्या मात्रेवर, मुखडा कुठून उचलायचा, अंतरा कुठे चढतो हे त्यातून नेमके कळते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या वरच्या परीक्षांत लेखी प्रश्नपत्रिका असते आणि बंदिश स्वरलिपीत लिहिण्याचा प्रश्न विद्यार्थ्यांच्या ओळखीचा असतो.

आणि काय निसटते?

बरेच काही, आणि तेच बहुधा महत्त्वाचे असते. भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोन्हींत स्वर पाचच : सा, रे, ग, प, ध. कागदावर आरोह-अवरोह लिहिले तर फरक शोधावा लागतो. प्रत्यक्षात भूप संध्याकाळचा. त्यात गंधार वादी, धैवत संवादी. देशकार सकाळचा आणि त्यात धैवत वादी. एकात गाणे गंधाराभोवती वसते, दुसऱ्यात धैवतावर उभे राहते. हे ‘वसणे’ वहीत लिहिता येत नाही, ते ऐकावेच लागते. दरबारी कानड्याचा गंधारही तसाच. वहीत ‘ग’खाली रेघ मारली की तो कोमल झाला, पण त्याचे आंदोलन, तो किती खाली घ्यायचा आणि त्यावर किती रेंगाळायचे, हे त्या रेघेत नाही. मींड आणि कण यांच्या खुणा असल्या तरी त्या केवळ आठवण करून देतात. ज्याने ते ऐकलेच नाही, त्याला त्या खुणा काही सांगत नाहीत.

म्हणूनच वहीत दोन प्रकारची नोंद लागते. एक स्वरलिपी, म्हणजे काय गायचे. दुसरी साध्या मराठीत केलेली नोंद, म्हणजे काय ऐकू आले आणि कुठे अडले. आपल्याकडे पहिली होते, दुसरी सहसा होत नाही.

रियाजाची रोजनिशी ठेवल्याने खरेच फरक पडतो?

यावर थेट आणि अंतिम उत्तर देणारा एकच अभ्यास नाही, पण काही अभ्यास दिशा दाखवतात. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांनी आठवडाभर रोजनिशी लिहिली होती. वरच्या दोन गटांतले विद्यार्थी एकट्याने आठवड्याला सुमारे २४ तास सराव करत होते, तर संगीतशिक्षक होण्यासाठी शिकणारे सुमारे ९ तास. ‘दहा हजार तासां’ची लोकप्रिय गोष्ट याच अभ्यासावरून पसरली. मात्र ब्रुक मॅकनमारा आणि मेघा मैत्र यांनी २०१९ मध्ये हाच अभ्यास नव्याने करून पाहिला, तेव्हा ‘चांगले’ आणि ‘सर्वोत्तम’ वादक यांच्यातला फरक केवळ तासांनी स्पष्ट होत नसल्याचे आढळले.

त्याहून उपयोगी ठरेल असा अभ्यास रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांचा, २००९ चा. त्यांनी १७ पियानोवादक विद्यार्थ्यांना शोस्ताकोविचच्या एका कॉन्चेर्तोमधला छोटा तुकडा बसवायला दिला आणि दुसऱ्या दिवशी वाजवून घेतला. कोण चांगले वाजवतो याचा संबंध सराव किती वेळ केला याच्याशी नव्हता. चुका सगळ्यांच्याच होत होत्या. सर्वांत चांगले वाजवणारे वादक मात्र चूक कुठे झाली ते लगेच नेमके हेरत, तेवढाच भाग हळू लयीत घेत आणि तो सुधारेपर्यंत पुढे जात नसत.  आपल्याकडे घरोघरी याच्या उलट दिसते. तान अडली की मूल पुन्हा ‘सा’पासून आरोह घेते, आणि अडलेली जागा अडलेलीच राहते.

रोजनिशीचा उपयोग इथे आहे. ‘कुठे अडले’ हे लिहायचे म्हटले की ती जागा आधी शोधावी लागते.

चांगली नोंद कशी असते?

‘आज यमन केला. छान झाला. एक तास बसलो.’ ही हजेरी झाली. यातून ना मुलाला काही कळते, ना शिक्षकाला. आता हीच नोंद अशी पाहा : ‘यमन, मध्यलय त्रिताल. मुखडा खालीपासून, नवव्या मात्रेवर आहे. तान संपली की दहाव्या मात्रेवर उचलला जातो, म्हणून सम चुकते. शेवटच्या चार मात्रांची तान हाताने ताल देत दहा वेळा म्हटली. सात वेळा बरोबर आली. उद्या तबल्याच्या ठेक्याबरोबर.’ पाच-सहा ओळींत काय ठरवले, काय केले, कुठे अडले आणि उद्या काय करायचे हे सगळे आले. पुढच्या तासाला शिक्षकाला पहिली दहा मिनिटे चाचपडत घालवावी लागत नाहीत, थेट अडलेल्या जागेवर येता येते.

तबल्याच्या विद्यार्थ्यासाठीही असेच. कायदा कोणता, कोणत्या लयीपर्यंत बोल स्वच्छ निघतात, दुगुणीत कोणता बोल दबतो, ही नोंद ‘अर्धा तास हात फिरवला’ यापेक्षा किती तरी बोलकी असते.

लहान मुलांकडून मात्र एवढी अपेक्षा ठेवू नये. सात-आठ वर्षांच्या मुलाने एक ओळ सांगावी आणि आईने, बाबांनी किंवा आजीने ती लिहावी, एवढे पुरते. ज्या मुलाला लिहायला जड जाते, त्याने तेच बोलून रेकॉर्ड करावे. शुद्धलेखन तपासण्याची ही जागा नाही.

ऐकण्याची नोंद कशी करायची?

रियाजाइतकेच महत्त्व श्रवणाला आहे. ‘आठवड्यात एक ध्वनिमुद्रण ऐका आणि चार वाक्ये लिहा’ एवढा गृहपाठ वर्षभर दिला, तर मुलाकडे पन्नासेक नोंदी जमतात. पण प्रश्न नेमका हवा. ‘कसे वाटले?’ असे विचारले की ‘छान वाटले’ हेच उत्तर येते. त्याऐवजी विचारावे : आलाप किती वेळ चालला? पंचमावर पहिल्यांदा केव्हा आले? मुखडा कोणत्या मात्रेवरून उचलला? तबल्याची लय कधी वाढली? समेवर येण्याआधी काय केले? अशा प्रश्नांची उत्तरे ऐकल्याशिवाय देता येत नाहीत आणि गाइडमधून उतरवताही येत नाहीत.

एकच राग दोन घराण्यांच्या गायकांकडून ऐकून तुलना लिहायला सांगितली, तर घराणे म्हणजे काय हे मुलाला व्याख्येविना कळू लागते. एनसीपीए आणि ॲमस्टरडॅम विद्यापीठ यांच्या प्रकल्पातून गायनाच्या ध्वनिमुद्रणांचे स्वरांच्या आलेखासह सादरीकरण तयार झाले आहे. त्यात मींड घेताना सूर कसा वळतो हे पडद्यावर रेषेच्या रूपात दिसते. दरबारीच्या गंधाराचा झोका डोळ्यांनी पाहिला की पुढच्या वेळी तो कानाला अधिक नेमका कळतो. अशी साधने वर्गात अधूनमधून दाखवण्यासारखी आहेत.

रेकॉर्डिंगची भीती आणि उपयोग

ध्वनिमुद्रणाबद्दलचा संशय नवा नाही. भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कोलकात्यात सुरू झाले, गौहर जान यांच्या तबकड्या तेव्हाच्याच. साधारण तीन मिनिटांत राग कसा मावणार, आपली विद्या दुसरा उचलून नेणार नाही ना, अशा शंका अनेक कलावंतांना होत्या. जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँ यांचे गाणे तबकड्यांवर नाही. ते आपल्यापर्यंत पोहोचले ते केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशा शिष्यांच्या गळ्यातून. याच केसरबाईंच्या तबकड्या आज विद्यार्थी ऐकतात.

वर्गापुरते बोलायचे तर रेकॉर्डिंगचे दोन प्रकार वेगळे ठेवावेत. गुरूची तालीम रेकॉर्ड करायची तर आधी विचारावे. हा शिष्टाचार आहे आणि हक्काचाही प्रश्न आहे. शिवाय ‘नंतर ऐकू’ म्हणून तालमीत लक्ष न देण्याची सवय लागते, ती वाईट. दुसरे, स्वतःच्या रियाजाचे रेकॉर्डिंग. हे प्रत्येकाने करावे. गाताना आपला आवाज आपल्याला आतून ऐकू येतो, त्यामुळे सूर उतरलेला कळत नाही. रेकॉर्डिंगमध्ये तो लगेच कळतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला तीच बंदिश रेकॉर्ड करून ठेवली, तर सहा महिन्यांनी प्रगती दाखवायला परीक्षकाची गरज पडत नाही.

तांत्रिक बाजूही लक्षात ठेवावी. फोन हातभर अंतरावर ठेवावा. तंबोऱ्याचे ॲप शक्यतो दुसऱ्या फोनवर किंवा स्पीकरवर लावावे. व्हिडिओ कॉलची अनेक ॲप्स सलग चालणारा आवाज गोंगाट समजून कापतात आणि तंबोरा नेमका असाच सलग वाजतो. म्हणून मूळ आवाज जसाच्या तसा जाऊ देण्याची सोय सेटिंगमध्ये असेल तर ती सुरू करावी. टाळेबंदीच्या काळात ऑनलाइन शिकलेल्यांना आणखी एक गोष्ट आठवत असेल : आवाज पोहोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे दोन ठिकाणांहून एकत्र गाता येत नाही. अमेरिकेतून किंवा आखातातून पुण्या-मुंबईच्या गुरूंकडे शिकणाऱ्या मराठी मुलांना ही मर्यादा आजही आहे. त्यांच्यासाठी तासाआधी पाठवलेली दोन मिनिटांची ध्वनिफीत आणि सोबतची चार ओळींची नोंद अधिक कामाची ठरते.

ही नोंद कोणी वाचायची?

फक्त शिक्षकांनी वाचली तरी चालते; पण वर्गातल्या मुलांनी एकमेकांच्या नोंदी वाचल्या तर आणखी एक फायदा होतो. समोरच्या हुशार मुलीचीही तान अडते, तिनेही ती दहा वेळा घोटली, हे इतरांना कळते. जुन्या काळी गुरुबंधूंच्या सहवासात हे आपोआप होत असे. मात्र दोन नियम हवेत. दुसऱ्याच्या नोंदीवर शेरा लिहायचा तो ऐकू आलेल्या गोष्टीवर, माणसावर नाही. ‘अंतऱ्यात तार षड्ज किंचित कमी लागतोय’ हे चालेल, ‘तुला जमत नाही’ हे नाही. आणि नोंदींना गुण द्यायचे नाहीत. गुण आले की मुले चुका लपवतात, आणि चूक लपवलेली रोजनिशी निरुपयोगी ठरते.

शिक्षकांचा वेळ हाही खरा प्रश्न आहे. तीस विद्यार्थ्यांची दोन-दोन मिनिटांची रेकॉर्डिंग ऐकायची म्हटले तरी एक तास जातो. त्यावर उपाय म्हणजे पाळी लावणे : रोज पाच जणांच्या नोंदी पाहायच्या आणि प्रत्येकाला एकच सूचना द्यायची. पाच सूचना दिल्या तर मूल एकही पाळत नाही.

इंटरनेटवर टाकायचे का?

वर्गापुरते ठेवणे आणि सर्वांसाठी खुले करणे यांत मोठा फरक आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती मूल मानली जाते आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येणारी संमती अपेक्षित आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी शिकाऊ गळ्याचे अडखळणे अनोळखी लोकांसमोर मांडायचे का, हा विचार पालकांनी करायलाच हवा. आज केलेला व्हिडिओ ते मूल पंचवीस वर्षांचे झाल्यावरही कुठे तरी असू शकतो.

दुसरा मुद्दा स्वामित्व हक्काचा. पारंपरिक बंदिशी कोणाच्या मालकीच्या नाहीत. भातखंडे यांचे मूळ ग्रंथही हक्कमुक्त आहेत. पण ध्वनिमुद्रणावरचा हक्क भारतीय कायद्यानुसार प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो. त्यामुळे १९५० च्या दशकात प्रकाशित तबकड्या मुक्त झाल्या असल्या, तरी अलीकडच्या अल्बमचा तुकडा कापून खुल्या पानावर चढवणे अडचणीचे ठरू शकते. शिकवण्याच्या ओघात वापरासाठी कायद्यात सवलती आहेत. त्या वर्गाच्या चौकटीतल्या आहेत, जाहीर प्रसारणाच्या नाहीत.

ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचे काय?

शंभर पानी वही पुरते. अनेक शाळांत संगीताला स्वतंत्र शिक्षक नसतो आणि अनेक घरांत एकच फोन असतो, तोही कामावर जाणाऱ्या माणसाच्या खिशात. अशा ठिकाणी वर्गातल्या एका फोनवर महिन्यातून एकदा प्रत्येकाचे रेकॉर्डिंग आणि घरी कागदावरची रोजनिशी, एवढ्यावरही काम भागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये कलांना अभ्यासक्रमाच्या बाहेरचा उपक्रम मानू नये असे म्हटले आहे. संगीत हा खरोखर विषय मानायचा असेल, तर मूल वर्षभरात काय शिकले हे दिसले पाहिजे, आणि ते केवळ स्नेहसंमेलनातल्या एका समूहगीतावरून दिसत नाही.

वहीचा धोका काय?

वही पाहून गाण्याची सवय. नजर कागदावर अडकली की कान बंद होतो आणि गाणे अक्षरांपुरते उरते. म्हणून वहीचा क्रम कधीही पहिला नसावा. आधी ऐकायचे, मग म्हणायचे, पाठ झाले की लिहायचे आणि गाताना वही मिटून ठेवायची. दिवसाची नोंद पाच मिनिटांत उरकावी. लिहिण्यात रियाजाचा वेळ जाऊ लागला तर नोंद कमी करावी. सुरुवात करायची असेल तर एका रागापासून, एका महिन्यापुरती करावी. महिन्याच्या शेवटी पहिल्या दिवसाची नोंद आणि रेकॉर्डिंग मुलाला स्वतःलाच तपासायला द्यावे. त्यातली चूक त्याने आपणहून दाखवली, तर वहीचे काम झाले.